माथ्यावरच्या दगडाचा आकडा

खेतिवे अंगणात आली तेव्हा मी मक्याचे दाणे निवडत बसले होते. ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमच्या अख्ख्या झुंगू कुळात दगडांचं शास्त्र शिकलेली ही पहिलीच. डर्बनच्या विद्यापीठातून पदवी घेऊन आली आणि आमच्याच नदीकाठच्या खाण कंपनीत लागली. आली की आधी माझ्या चष्म्याची थट्टा, मग बाकीचं. त्या दिवशी मुकाट्यानं पायरीवर बसली आणि कोंबड्यांकडं बघत राहिली. पाणी कुठंतरी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं.

"आत्या, उद्या बाबा आजोबांना हलवणार ना?"

"उद्या सकाळी. आणि हे मला काय विचारतेस? दिवस तुझ्याच कंपनीनं ठरवलाय."

"हलवायची गरज नाही, आत्या. कधीच नव्हती."

मी सूप खाली ठेवलं.

नदीपलीकडं काळा दगड आहे, चुंबक चिकटतो तो, लोखंडाचा. कंपनीनं तिथं खाण मांडली आणि नकाशावर खाणीचा खड्डा आमच्या माथ्यापर्यंत ताणला. माथ्यावर आमची घरं, गुरांचे गोठे, आणि गोठ्याच्या वरच्या अंगाला आमचे पुरुष पुरलेले. बाकीच्या घरांनी कुरकुर करत मान डोलावली आणि आपापली पुरलेली माणसं नव्या जागी नेली. माझा भाऊ भेकिसिसादादा तेवढा अडून बसला. आमच्या भागाचा मुखिया मगवाझा येऊन गेला, कंपनीचे बूटवाले येऊन गेले. दादाचं एकच, "बापाला उठवणार नाही. हिंमत असेल तर मला उठवा." शेवटी खेतिवे त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, हिशेब मी स्वतः केलाय. माथ्याखाली जेवढा कसदार दगड आहे तेवढा पलीकडंही नाही." दादानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. लेकीवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा.

"म्हणजे दगड नाहीच माथ्याखाली?" मी विचारलं.

"आहे. पण मी सांगितला त्याच्या बारा-साडेबारा पट कमी."

"बारा पट? अगं, मी जन्मभर चौथीला गणित शिकवलं. माझं सगळ्यात मठ्ठ पोरसुद्धा बारा पट चुकलं नाही."

"तुझ्या पोरांच्या आकड्यामागं किलो नाहीतर मीटर असायचं, आत्या. याच्या मागं काहीच नसतं."

मग तिनं समजावलं. दगडाजवळ चुंबक आणला की दगड त्याला किती वश होतो, याचा एक आकडा असतो. तो काढायच्या दोन पद्धती, जुनी आणि नवी. दगड तोच, पण नव्या पद्धतीतला आकडा जुन्याच्या साडेबारा पट भरतो. आणि दोन्ही पद्धतींत तो नुसता आकडाच असतो, मागं एकक नाही, खूण नाही. लिहिणाऱ्यानं पद्धत लिहिली नाही तर वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? आमच्यात अनोळखी माणूस दारात आला तर आधी कुळी विचारतात, मग बसायला देतात. हे शिकलेले लोक बिनकुळीचा आकडा खुशाल घरात घेतात.

"पण साडेबाराच का? तेरा का नाही?"

"वर्तुळाचा पाय असतो ना, तीन पूर्णांक चौदा? त्याची चौपट. तो हिशेबात कुठंतरी ठेवावाच लागतो. जुन्यांनी तो दगडाच्या बाजूला ठेवला. नव्यांनी तिथून उचलला आणि तारेच्या वेटोळ्याच्या बाजूला नेला."

"म्हणजे जावाजावांचं भांडण. पातेलं एकच, कुणाच्या चुलीजवळ ठेवायचं एवढाच वाद."

ती जेमतेम हसली. पुढचं सांगताना तेही हसू गेलं.

गोऱ्यांच्या राज्यात कुणीतरी इथं भोकं पाडून दगडाचे लांब गज काढले होते. ते मेलमथ गावाच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये पेट्यांतून पडलेत. त्यांचे आकडे कंपनीला मिळाले, पद्धत कुठंच लिहिलेली नव्हती. खेतिवे काही आंधळी नव्हे. तिनं पुढच्या पेट्या उघडून गजांना आपलं नवं यंत्र लावून बघितलं. यंत्रावर साडेबारा पट आलं. म्हणजे आकडे जुन्या पद्धतीचे. मग तिनं सगळेच आकडे साडेबारानं गुणले. पण पुढच्या पेट्या होत्या नदीपलीकडच्या. आमच्या माथ्याच्या पेट्या मागं, तळाशी दडपलेल्या. माथा त्या लोकांनी सगळ्यात शेवटी खणला होता, आणि तोवर त्यांनीही नव्या पद्धतीचं यंत्र विकत घेतलं होतं. माणूस तोच, अक्षर तेच, रकाना तोच. पद्धत बदलली हे लिहायचं कुणाला सुचलं नाही.

"परवा खाणीतल्या दगड दळायच्या गिरणीच्या चाचणीला तुकडे हवे होते, म्हणून मागच्या पेट्या काढल्या," खेतिवे म्हणाली. "सहज यंत्र टेकवलं. जुना आकडा शून्य पूर्णांक शून्य आठ. यंत्रावरही शून्य पूर्णांक शून्य आठ. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरा गज घेतला, तिसरा घेतला. माथ्याच्या आकड्यांना गुणायचंच नव्हतं, आत्या. मी त्या शून्य पूर्णांक शून्य आठचा एक करून ठेवलाय."

"मग माथ्यावर नवं भोक पाडून का नाही पाहिलं तेव्हाच?"

विचारलं आणि मी जीभ चावली. माथ्यावर यंत्र चढवू नका, तिथं आमचे आजे झोपलेत, म्हणून कंपनीशी भांडलेली हीच पोरगी. कंपनीनं एवढा एक मान राखला आणि जुन्या गजांवर भागवलं. आजोबांची झोपमोड नको म्हणून तिनं एक भोक पाडू दिलं नाही, आणि त्यापायी आता आजोबांनाच खणून काढायची वेळ आली. कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून मी तिच्यावरच चिडले.

"वरिष्ठाला सांगितलंस का? का नुसती माझ्या पायरीवर रडायला आलीस?"

"हेनीला? सांगितलं ना. म्हणाला, नकाशा पुढच्या फेरीत दुरुस्त करू. पण हलवाहलव थांबवायची नाही. बाकीच्यांच्या कबरी हलल्यात. आता चुकलो म्हटलं तर पलीकडच्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणाला, तुझे वडील शेवटचेच उरलेत, तोवर तोंड बंद ठेव."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही. काय म्हणू? सांगितलं तर सगळा गाव म्हणेल, झुंगूंच्या पोरीनं आमचे बाप फुकट उकरले. नाही सांगितलं तर बाबांच्या तोंडाकडं बघायचं कसं?"

"इकडे आड, तिकडे विहीर. मान्य. पण कशात पडायचं ते तुझा बाप ठरवेल, तो हेनी नाही. उद्या दादानं फांदी हातात घ्यायच्या आत त्याला सांग. मी येते बरोबर."

फांदीचं सांगते. बोरीच्या जातीचं एक काटेरी झाड आमच्या रानात आहे. मेलेल्या माणसाला एका जागेवरून दुसरीकडं न्यायचं तर त्या झाडाची फांदी कबरीवर टेकवायची, नाव घेऊन त्याला उठवायचं. मग तो फांदीवर येऊन बसतो. नव्या जागी फांदी खाली ठेवून "हे तुमचं घर" म्हणेपर्यंत, ती धरणाऱ्यानं जित्या माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त फांदीवरच्याशी. जित्याशी बोलला की मेलेला वाटेतच उतरतो आणि मग तो कुणाच्याच घरचा राहत नाही.

सकाळी आम्ही उजाडायच्या आधीच निघालो. स्बोनेलो, माझा मुलगा, गाडी चालवत होता. माथ्यावर पोचलो तर गोठ्याशी माणसं जमलेली. कंपनीनं आणलेल्या लोकांना उन्हाआधी आटपायचं होतं, म्हणून मगवाझानं घाई केली होती. दादा कबरीपाशी गुडघे टेकून बसला होता आणि फांदी त्याच्या हातात होती. आता सांगितलं तरी त्याला उत्तर देता येणार नव्हतं.

"बाबा, मकापेलेनी, मान्झिनी," तो म्हणत होता. मकापेलेनी हे वडिलांचं नाव, आणि मान्झिनी ही आम्हा झुंगूंना मानानं मारायची हाक. "उठा. मी भेकिसिसा. तुमच्याखाली जो दगड आहे तो देशाला हवाय. तुमच्या नातीनं मोजलाय. चला माझ्याबरोबर."

खेतिवेनं माझा दंड धरला. नखं रुतली, पण मी हात सोडवून घेतला नाही. दादानं मान वळवून आमच्याकडं बघितलं. डोळ्यांनी हसला, लेक आली म्हणून. तोंड मिटलेलंच.

हाडं नव्या पेटीत ठेवली आणि पेटी गाडीच्या मागच्या उघड्या भागात चढवली. पुढं स्बोनेलोशेजारी दादा, हातात फांदी. मागं एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पोट सांभाळत मगवाझा आणि मध्ये खेतिवे, चेंगरून. आमच्या मागं भाऊबंदांच्या गाड्यांची रांग. धूळ येते म्हणून मगवाझानं काचा वर करायला लावल्या. आत भट्टी पेटली.

दादा मात्र बापाशी बोलण्यात रंगून गेला होता. "बाबा, हा शांदूंचा उतार. इथं तुम्ही गाढवावरून पडला होता, आणि घरी येऊन सांगितलंत की गाढव पडलं." स्बोनेलो खाकरला. "बाबा, आता डांबरी रस्ता लागला. हा तुमच्या वेळी नव्हता. स्बोनेलो जोरात चालवतो, धरून बसा." आयुष्यात हा माणूस बापाशी एवढं कधी बोलला नसेल. बाप जिवंत होता तेव्हा समोर उभं राहायची टाप नव्हती. मला हसू येत होतं, आणि शेजारी ती पोरगी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

नदीवरचा पूल बुटका आणि एका गाडीच्या रुंदीचा आहे. आम्ही पुलावर चढलो आणि पलीकडच्या चढावर कंपनीचा भरलेला ट्रक बंद पडून आडवा उभा. मागं आमच्याच गाड्या चिकटलेल्या. पुढं सरकता येईना, मागं येता येईना. खाली गढूळ पाणी. स्बोनेलोनं इंजिन बंद केलं.

"बाबा," खेतिवे म्हणाली.

मगवाझानं मान वळवली. "ए पोरी, फांदीवाल्याशी बोलायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही का विद्यापीठात?"

"त्यांनी माझ्याशी बोलायचं नसतं. मी बोलू शकते." मग ती दादाच्या मानेकडं बघत बोलली, कारण तेवढंच तिला दिसत होतं. "बाबा, माथ्याखाली तेवढा दगड नाही. एकाच दगडाचे दोन पद्धतींनी दोन आकडे निघतात. आपल्या माथ्याचा आकडा नव्या पद्धतीचा होता. मी जुना समजले आणि गुणून मोठा केला. खड्डा माथ्यापर्यंत यायचं कारणच नव्हतं. आजोबा कुणाच्या वाटेत नव्हते. माझं चुकलं, बाबा."

मग मगवाझाचा बांध फुटला.

"गप्प! गप्प बस! तुझ्या आकड्यावर मी दारोदार फिरलो! म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या! सगळ्यांच्या बापांना उठवलं मी, आणि आता म्हणतेस चुकलं? काल का नाही बोललीस? वाचा गेली होती?"

"मगवाझा, ओरडू नका," मी म्हटलं. "पेटी मागं आहे."

"मामा, पूल संपला की गाडी वळवू?" स्बोनेलोनं विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

दादा समोरच बघत होता. फांदीवर त्याची मूठ आवळली होती आणि काटे कुठं रुतत होते ते मला मागूनही दिसलं. एका बाजूला लेक, एका बाजूला बाप, आणि याच्या तोंडाला कुलूप. शिवी द्यायची सोय नाही, "असू दे" म्हणायचीही नाही. माझा जीव दादासाठी असा कधी तुटला नव्हता.

मग त्यानं फांदी तोंडाजवळ आणली.

"बाबा. ऐकलंत ना, तुमची नात काय म्हणते ते? सकाळी मी तुम्हाला म्हणालो, उठा, देशाला तुमच्याखालचा दगड हवाय. ते खोटं होतं, बाबा. मला ठाऊक नव्हतं. तुम्ही शहाण्यासारखे उठलात. एकदा विचारलं नाहीत, खरं का म्हणून. मीही तिला विचारलं नव्हतं."

खेतिवेनं तोंडात शालीचं टोक कोंबलं. मगवाझाचा आवाज एकदम खाली आला.

"मान्झिनी, ऐक माझं. मागं कबर उकरलेली, पुढं खड्डा तयार. पुलावर कुठं वळतोस? आता पुढंच जाऊ. फांदी ठेव, मोकळा हो, मग सगळे बसून बोलू."

"बाबा," दादा फांदीला म्हणाला, "मुखिया म्हणतात पुढं जाऊ. पुलावर वळता येत नाही, हे त्यांचं खरं आहे. बघू तरी ते काय देतात." ट्रक धूर सोडत बाजूला झाला. "आता नदी ओलांडतोय, बाबा. भिऊ नका."

नव्या जागी तारेचं कुंपण आणि शाळेच्या बाकांसारख्या ओळीत कबरी. पेटी खड्ड्यात उतरवली. ते थांबवता येणार नव्हतं, सरकारी माणूस कागद घेऊन उभाच होता. बायकांनी गाणं धरलं आणि संपवलं. आता दादानं पेटीवर फांदी ठेवायची आणि ते तीन शब्द बोलायचे, की काम झालं. सगळे थांबले. ऊन चढत होतं. दादा कडेला उभा राहून इकडं तिकडं बघत होता, सोयरिकीला आलेला माणूस घर बघतो तसा.

"बाबा, जागा वाईट नाही," तो म्हणाला. "वारा आहे. शेजारी ओळखीचेच आहेत. पण हे तुमचं घर, असं मला म्हणता येत नाही. सकाळी नकळत खोटं बोललो. आता कळून कसं बोलू? चला, परत जाऊ."

आणि फांदी घेऊन तो गाडीकडं चालू लागला.

"अरे, फांदी न ठेवता कुठं निघालास?" मगवाझा त्याच्या मागं धावला. "ती ठेवल्याशिवाय तुझं तोंड उघडायचं नाही! बायकोशी नाही, लेकीशी नाही, कुणाशी नाही! कधीपर्यंत असा राहणार आहेस?"

दादा थांबला. "बाबा, हे विचारतात, कधीपर्यंत." एवढं फांदीला सांगितलं आणि गाडीत जाऊन बसला.

बातमी आमच्या आधी माथ्यावर पोचली होती. दुपारी अंगण भरलं. शांदूंची म्हातारी काठी टेकत आली आणि थेट खेतिवेसमोर उभी राहिली.

"मग माझा नवरा? तोही फुकटच उठला का गं?"

मला वाटलं पोरगी आता आत पळेल. ती पळाली नाही. "हो, आजी. तेही," ती म्हणाली. म्हातारीनं हात उचलला. मारते का काय असं वाटलं. पण तिनं तो काठीवर परत ठेवला आणि जमिनीवर बसून राहिली. ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

"मी उद्या सगळ्यांसमोर यंत्र घेऊन बसते," खेतिवे अंगणाला म्हणाली. "माथ्याचे गज इथं आणते. आकडा कुणीही वाचा. कंपनीच्या नकाशावर माझं नाव आहे, ते मी काढून घेते." कुणी शाबास म्हटलं नाही. एकजण कुंपणाकडं वळून थुंकला. फोनवर हेनी होता. तिनं सगळ्यांसमोर त्यालाही तेच सांगितलं. पलीकडून तो काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिनं फक्त "बरं" म्हटलं, आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून खिशात घातलं.

दादा दिवसभर मोठ्या झोपडीत, आतल्या भिंतीशी, जिथं पूर्वज बसतात तिथं फांदी मांडीवर घेऊन बसून होता. त्याची बायको जवळ बसली की हा भिंतीकडं बघायचा. गुरं परत आल्यावर मी जेवण वाढलं. खेतिवे दाराशी बसली होती, बापापासून लांब, जवळ यायचा हक्क गेल्यासारखी. ताट पुढं तसंच. मी दोनदा म्हटलं, खा. तिच्या आईनं म्हटलं. तिला ऐकूच येत नव्हतं. ती बापाच्या मिटलेल्या ओठांकडं बघत होती. एक शिवी दिली असती तरी पोरगी सुटली असती.

दादानं फांदी उचलून नीट धरली. काट्यांनी सोललेला तळहात मला दिसला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नाही. तिला तुम्हीच सांगा. मला बोलता येत नाही."